शिसपेन्सिलीत नसलेले शिसे

शिसपेन्सिलीला शिसपेन्सिल का म्हणतात? तिच्यात शिसे असते म्हणून, असे उत्तर वर्गातील निम्मी मुले तरी देतील. ते उत्तर चुकीचे आहे. पेन्सिलीच्या पोटात जी काळी कांडी असते ती ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांच्या मिश्रणाची. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन, कोळशाचा आणि हिऱ्याचा भाऊबंद. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे ग्रॅफाइटचा मोठा साठा सापडला. हा मऊ, काळा, चकचकीत पदार्थ कागदावर ओढला की ठसठशीत रेघ उमटे. शिशाचा तुकडा ओढला तरी रेघ उमटते, पण ती फिकट करडी. तेव्हा हे शिशाचेच एखादे काळे भावंड असावे असे समजून लोकांनी त्याला ‘काळे शिसे’ म्हणायला सुरुवात केली. १७७९ मध्ये कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञांनी तो पदार्थ कार्बन असल्याचे दाखवून दिले. पण तोपर्यंत नाव पक्के चिकटले होते, आणि इंग्रजीतून ते आपल्या मराठी दप्तरातही येऊन बसले.

म्हणजे पेन्सिलीचे टोक जिभेला लागले तरी शिशाचे विष पोटात जाण्याची भीती नाही. मग खरे शिसे असते कुठे? आणि त्याला विष का म्हणायचे? या मूलद्रव्याची ओळख करून घेतलेली बरी, कारण ते मोठ्या माणसांपेक्षा लहान मुलांवरच अधिक उलटते.

खरे शिसे दिसायला निळसर करडे असते. नुकते कापले तर रुप्यासारखे चमकते, पण हवेत थोड्याच वेळात काळवंडते. त्याचा अणुक्रमांक ८२, अणुभार सुमारे २०७, आणि प्लंबम या लॅटिन नावावरून घेतलेले चिन्ह ‘पीबी’. ते पाण्याच्या ११.३ पट जड आहे. एक लिटर दुधाच्या पिशवीएवढा शिशाचा ठोकळा उचलायला गेलात तर अकरा किलोंहून अधिक वजन हाताला लागेल. एवढे जड असूनही ते इतके मऊ की नखाने ओरखडा उठतो. आणि ३२७ अंश सेल्सिअसला ते वितळते, म्हणजे साध्या चुलीवरही त्याचा रस होतो. (हा प्रयोग मात्र कोणीही करू नये. का, ते पुढे कळेलच.)

लवकर वितळणारी, सहज वाकणारी आणि न गंजणारी ही धातू माणसाला फार पूर्वीपासून आवडली यात नवल नाही. आपल्या महाराष्ट्रावर राज्य करणाऱ्या सातवाहनांनी तर शिशाची नाणी पाडली. पुराणवस्तू संग्रहालयांत ती आजही पाहायला मिळतात. रोमन लोकांनी शिशाचे पत्रे वळवून पाण्याचे नळ केले. नळाचे काम करणाऱ्याला आपण प्लंबर म्हणतो, तो शब्द या प्लंबमवरूनच आला. कोळी बांधव जाळे पाण्यात बुडावे म्हणून त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवतात. आणि जुन्या छापखान्यांत अक्षरांचे जे खिळे जुळवीत, ते शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. मराठीतील कितीतरी पुस्तके आणि मासिके अशी शिशातून उमटलेली आहेत.

शिशाची संयुगे तर रंगांची पेटीच म्हणावी. शेंदूर हे शिशाचे तांबडे ऑक्साइड. मुर्दाडशिंग हेही शिशाचेच ऑक्साइड, पण पिवळसर. भिंतींना आणि दारांना लावायचा जुना पांढरा सफेदा म्हणजे शिशाचे कार्बोनेट, आणि हळदीसारखा झगझगीत पिवळा रंग शिशाच्या क्रोमेटचा. यात आणखी एक वाईट योगायोग आहे. शिशाची काही संयुगे चवीला गोड लागतात. शिशाच्या ॲसिटेटला ‘शिशाची साखर’ असेच नाव पडले होते. रोमन लोक द्राक्षांचा रस शिशाच्या भांड्यांत आटवून घट्ट, गोड पाक करीत आणि तो मद्यात घालीत. विष कडू असते ही आपली समजूत शिशाच्या बाबतीत उपयोगाची नाही.

कॅल्शियमचा तोतया

शिसे अपायकारक आहे, याची शंका जुन्या लोकांनाही आली होती. शिशाचे काम करणारे कारागीर पांढुरके पडतात, म्हणून पिण्याचे पाणी शिशाच्या नळांतून आणू नये, असे व्हिट्रुव्हिअस या रोमन स्थापत्यकाराने दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे. पण शिसे शरीरात जाऊन नेमके करते काय, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

पानिपतच्या लढाईनंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. शिसे हा शरीरातला असाच एक तोतया आहे. तो सोंग घेतो कॅल्शियमचे. दोघांच्याही आयनांवर दोन धन विद्युतभार असतात, आणि शरीरातील पुष्कळशी प्रथिने या दोघांत फरक करू शकत नाहीत. त्यामुळे आतड्यात जी वाट कॅल्शियमसाठी आहे तिच्यातूनच शिसे आत शिरते. मग ते हाडांत आणि दातांत कॅल्शियमच्या जागी ठाण मांडते. रक्तातले शिसे महिना-दीड महिन्यात निम्मे होते. हाडांतले मात्र वर्षानुवर्षे, दशकानुदशके तसेच राहते. स्त्री गरोदर असताना तिच्या हाडांतले कॅल्शियम बाळासाठी निघू लागते, तेव्हा तिच्या बालपणी साठलेले शिसेही त्याच्याबरोबर निघते आणि बाळापर्यंत पोचते.

रक्तात ते हिमोग्लोबिन तयार होण्याच्या कामात खोडा घालते, म्हणून कारागीर पांढुरके पडत. पण सर्वांत मोठे नुकसान होते मेंदूत. मेंदूतील एक चेतापेशी दुसरीला निरोप देते, तेव्हा तो निरोप पुढे जाण्याचा इशारा कॅल्शियम देते. तिथे तोतया येऊन बसला की कधी निरोप जात नाही, तर कधी नको तेव्हा जातो. लहानपणी मेंदूत कोट्यवधी जोडण्या बनत असतात. कोणती जोडणी ठेवायची आणि कोणती मोडायची हे याच निरोपांवर ठरते. आता लक्षात येईल की तोच तोतया मोठ्या माणसाच्या मेंदूत शिरणे आणि दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूत शिरणे यांत केवढा फरक आहे.

त्यातून मुलाचे शरीर वाढते, म्हणून कॅल्शियमसाठी भुकेलेले. एकाच वस्तूतून मोठ्या माणसाच्या शरीरात जेवढे शिसे शोषले जाईल त्याच्या चार-पाच पट मुलाच्या शरीरात शोषले जाते. पोट रिकामे असेल, आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर आणखी जास्त. म्हणजे ज्या मुलाला आधीच पुरेसे खायला मिळत नाही त्याच्यावर शिशाचा घाव अधिक खोल बसतो.

व्हरांड्याचे कठडे

मुलांना होणारी शिशाची बाधा प्रथम नीट ओळखली गेली ती ऑस्ट्रेलियात. १८९० नंतरच्या काळात ब्रिस्बेन शहरातील मुलांच्या रुग्णालयात काही चमत्कारिक रुग्ण येऊ लागले. पोटात मुरडा, ओकाऱ्या, हातापायांतले बळ गेलेले. काहींची दृष्टी अधू झालेली. डॉक्टर जेफ्रिस टर्नर यांनी ही लक्षणे शिशाच्या विषबाधेची आहेत हे ओळखले. पण ही मुले काही कारखान्यात काम करीत नव्हती. मग त्यांच्या पोटात शिसे आले कुठून? पाणी पाहिले, भांडी पाहिली, तरी चोर सापडेना.

तो सापडला नेत्रतज्ज्ञ लॉकहार्ट गिब्सन यांना. क्वीन्सलँड प्रांतातली घरे लाकडी असत आणि त्यांना चहूबाजूंनी व्हरांडा असे. मुले दिवसभर तिथेच खेळत. कठड्यांना सफेद्याचा रंग दिलेला असे. तिथल्या कडक उन्हाने त्या रंगाची भुकटी होई आणि कठडा धरणाऱ्या घामेजल्या हातांना ती चिकटे. जी मुले अंगठा चोखत किंवा नखे खात, तीच आजारी पडत! गिब्सन यांनी १९०४ मध्ये हे सारे लिहून प्रसिद्ध केले. पुष्कळांना ते पटले नाही. तरीही क्वीन्सलँडने १९२२ मध्ये मुलांचा हात पोचेल अशा ठिकाणी शिशाचा रंग वापरण्यावर कायद्याने बंदी घातली. अमेरिकेत घरगुती रंगांतून शिसे जायला १९७८ साल उजाडले. मधल्या छप्पन वर्षांत किती मुलांनी किती कठडे धरले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

जाता जाता पेन्सिलीविषयी एक गोष्ट सांगायला हवी. तिच्या कांडीत शिसे नव्हते हे खरे, पण जुन्या काळी तिच्या लाकडावरच्या रंगात ते असे. आणि पेन्सिल चावायची सवय असलेले मूल कांडी चावत नाही, लाकूडच चावते.

पेट्रोल, बर्फ आणि दुधाचे दात

रंगातले शिसे घरापुरते होते. ते साऱ्या जगाच्या हवेत पसरवण्याचे काम पेट्रोलने केले. मोटारीच्या एंजिनात पेट्रोल वेळेआधीच पेटले तर खडखड आवाज येतो आणि एंजिनाची शक्ती वाया जाते. शिशाचे टेट्राएथिल हे संयुग पेट्रोलमध्ये अगदी थोडे मिसळले की ही खडखड थांबते, असा शोध १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी लावला. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका कारखान्यात हे द्रव्य तयार करणारे कामगार भ्रमिष्ट झाले आणि त्यांतले पाच जण मरण पावले. तेव्हा मिजली यांनी पत्रकारांसमोर त्या द्रव्याने हात धुऊन दाखवले आणि त्याचा वासही घेतला. स्वतः मिजली यांना आदल्याच वर्षी शिशाच्या बाधेमुळे विश्रांतीसाठी रजा घ्यावी लागली होती, हे मात्र त्यांनी तेव्हा सांगितले नाही.

पुढची चाळीस वर्षे मोटारी धूर सोडत राहिल्या आणि त्या धुरातून शिसे जमिनीवर पडत राहिले. माणसाच्या शरीरात थोडे शिसे असतेच, ते नैसर्गिकच आहे, असे उद्योगांच्या बाजूचे तज्ज्ञ सांगत होते. हे खोटे ठरवले ते वैद्यकाशी काहीही संबंध नसलेल्या एका माणसाने, आणि तेही भलत्याच गोष्टीचा शोध घेताना.

क्लेअर पॅटर्सन यांना पृथ्वीचे वय काढायचे होते. युरेनियमचे अणू फुटत फुटत शेवटी शिशाचे होतात. तेव्हा उल्केतील शिशाच्या निरनिराळ्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले तर ती उल्का, आणि तिच्याबरोबर जन्मलेली पृथ्वी, किती जुनी आहे हे सांगता येते. पण पॅटर्सन यांची मोजमापे सारखी बिघडत. प्रयोगशाळेत जिकडे पाहावे तिकडे शिसे. हवेत शिसे, पाण्यात शिसे, काचेच्या भांड्यांत शिसे, स्वतःच्या केसांवरही शिसेच. अखेर त्यांनी हवा गाळून घेतलेली, कमालीची स्वच्छ प्रयोगशाळा उभारली. १९५६ मध्ये पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे असल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले, आणि तो आकडा आजही जवळजवळ तसाच टिकून आहे.

एखाद्याने तेवढ्यावर समाधान मानले असते. पॅटर्सन मात्र त्या त्रासदायक शिशामागे लागले. एवढे शिसे आले कुठून? समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्यात ते खोल पाण्यापेक्षा कितीतरी अधिक सापडले. म्हणजे ते नुकतेच वरून पडलेले होते. ग्रीनलंडमधील बर्फ दरवर्षी थरावर थर साठत जातो. या थरांत जणू हवेची रोजनिशी लिहिलेली असते. पॅटर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वाचली. प्राचीन बर्फाच्या मानाने १९६५ च्या सुमाराच्या बर्फात शिसे सुमारे दोनशे पट होते, आणि सर्वांत झपाट्याची वाढ १९४० नंतरची होती. सर्वांच्या अंगात शिसे सापडते म्हणून ते नैसर्गिक ठरत नाही, असे पॅटर्सन यांनी १९६५ मध्ये ठणकावून सांगितले. त्यांना मिळणारी काही अनुदाने त्यानंतर बंद झाली.

पण सगळीकडे पसरलेल्या या शिशाने मुलांचे बिघडते काय? वरवर पाहता मुले ठणठणीत दिसत होती. रक्त तपासावे तर त्यातून अलीकडच्याच आठवड्यांचे शिसे कळते. हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी यावर एक सुरेख युक्ती काढली. मुलांचे दुधाचे दात पडतातच, आणि बालपणभर आलेले शिसे दातांत साठलेले असते. म्हणून त्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात दोन गावांतील पहिली-दुसरीच्या मुलांना पडलेले दात शाळेत आणून देण्यास सांगितले. दोन हजारांहून अधिक मुलांचे दात जमले! दातांतले शिसे मोजले. दुसरीकडे शिक्षकांना प्रत्येक मुलाविषयी प्रश्न विचारले. मूल कामात लक्ष देते का? सांगितलेले एकामागून एक नीट करते का? कोणाच्या दातात किती शिसे आहे हे शिक्षकांना ठाऊक नव्हते. १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दातांत शिसे जितके जास्त, तितकी लक्ष न लागण्याची तक्रार जास्त. आणि बुद्धिमापन चाचणीत अधिक शिशाची मुले सरासरी चार-एक गुणांनी मागे. यातले एकही मूल आजारी म्हणून डॉक्टरांकडे गेलेले नव्हते.

शिक्षकांनी याचा उलटा अर्थ मात्र लावू नये. वर्गात चुळबूळ करणाऱ्या प्रत्येक मुलाच्या अंगात शिसे असते असे मुळीच नाही. मुले चुळबुळी असायची शेकडो कारणे आहेत, आणि त्यांतले एक म्हणजे कंटाळवाणा धडा!

नीडलमन यांच्यावरही पुढे लबाडीचे आरोप झाले, चौकशा झाल्या, आणि ते निर्दोष ठरले. दरम्यान अमेरिकेत पेट्रोलमधील शिसे कमी होऊ लागले होते. १९७६ ते १९९१ या काळात तेथील लोकांच्या रक्तातील शिशाची सरासरी दर डेसिलिटरला १२.८ मायक्रोग्रॅमवरून २.८ वर उतरली.

हे आकडे किती सूक्ष्म आहेत ते गणिताने पाहू. चार वर्षांच्या, सोळा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सुमारे सव्वा लिटर, म्हणजे साडेबारा डेसिलिटर रक्त असते. दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम या दराने त्या साऱ्या रक्तात शिसे होते सुमारे ६२ मायक्रोग्रॅम. साखरेचा एक बारीक दाणा अर्ध्या मिलिग्रॅमचा धरला, तर त्याचा आठवा हिस्सा! आणि एवढे शिसेही निरुपद्रवी नाही. अमेरिकेत मुलांच्या रक्तातील शिशाची ‘काळजीची रेषा’ १९६० च्या दशकात ६० मायक्रोग्रॅमवर होती. पुढे ती ४०, ३०, २५ अशी खाली येत १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५ झाली. बारकाईने पाहू लागल्यावर प्रत्येक वेळी रेषेच्या खालीही नुकसान दिसत गेले. शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. एकदा झालेले नुकसान औषधाने भरून काढता येत नाही, हे तर त्याहून वाईट. रक्तातले शिसे कमी करणारी औषधे आहेत आणि तीव्र विषबाधेत ती जीव वाचवतात. पण अशा एका औषधाची मुलांवर मोठी चाचणी झाली तेव्हा शिसे उतरले, चाचणीतले गुण मात्र वाढले नाहीत, असे २००१ मध्ये दिसून आले.

आज शिसे कुठे आहे?

भारतात बिनशिशाचे पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत मिळू लागले आणि २००० मध्ये शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले. जगात मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथेही २०२१ मध्ये ते थांबले. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तरीही जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक असावे, असा अंदाज युनिसेफने २०२० मध्ये मांडला. म्हणजे तीन मुलांत एक.

ते येते कुठून? जगातील बहुतेक शिसे आज मोटारींच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत आहे. बॅटरी बंद असेपर्यंत धोका नसतो. जुनी बॅटरी उघड्यावर फोडून शिसे वितळवले की धूर आणि माती दोन्ही विषारी होतात. सेनेगलमधील डकार शहराच्या एका वस्तीत २००७-०८ मध्ये अशाच कामामुळे अठरा लहान मुले दगावली. चुलीवर शिसे वितळवू नये असे वर म्हटले ते यासाठी.

दुसरी वाट स्वयंपाकघरातून येते. हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना शिशाचे क्रोमेट चोळण्याची लबाडी काही ठिकाणी चालते. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले. सरकारने आणि संशोधकांनी व्यापाऱ्यांना समज दिली, गिरण्यांवर छापे घातले, वर्तमानपत्रांतून लोकांना सांगितले. २०२१ मध्ये तसा एकही नमुना सापडला नाही. शिशाच्या लांबलचक कथेत इतक्या झटपट मिळालेले यश दुसरे क्वचितच असेल. आपण शक्य तर खात्रीच्या ठिकाणची हळकुंडे आणून घरी दळावीत आणि डोळे दिपवणाऱ्या पिवळ्या रंगाला भुलू नये. काही सुरम्यांत शिशाचे सल्फाइड असते. तो बाळाच्या डोळ्यांत घालू नये. शेंदूर हाताळला तर हात धुवावेत आणि तो रांगत्या मुलाच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. मासे पकडायच्या गोळ्या दाताने दाबून बसवण्याची सवय पुष्कळांना असते, तीही सोडून द्यावी. रोजच्या जेवणात दूध, नाचणी, पालेभाज्या असतील तर तोतयाला आत शिरायला जागा कमी मिळते.

आणि दिवाळीआधीचे रंगकाम. २०१७ पूर्वी रंगवलेल्या दारांवर, खिडक्यांच्या गजांवर, पाळण्यावर शिशाचा रंग असू शकतो. रंगारी तो पॉलिशपेपरने कोरडाच घासू लागला की घरभर जी बारीक भुकटी उडते, ती ब्रिस्बेनच्या कठड्यांवरचीच समजा. पृष्ठभाग ओला करून घासायला सांगावे, भुकटी झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. घरात रांगते मूल असेल तर काम संपून घर पुसून होईपर्यंत त्याला आजोळी धाडावे, हे सर्वांत उत्तम.